'हॉन्ट' वापरायचं कसं : वाड्यातल्या भुतापासून मनातल्या सलापर्यंत

इंग्रजी शिकणाऱ्या बहुतेक मराठी माणसांची 'हॉन्ट' या क्रियापदाशी ओळख होते ती 'हॉन्टेड हाउस' या जोडीमुळे. त्यामुळे हॉन्ट म्हणजे घाबरवणं, हा अर्थ डोक्यात पक्का बसतो. पुढे वर्तमानपत्रात वाचायला मिळतं की एखाद्या पुढाऱ्याचं दहा वर्षांपूर्वीचं विधान त्याला आता 'हॉन्ट' करतंय. संगीताच्या परीक्षणात 'हॉन्टिंग मेलडी' येते. आत्मचरित्राचा लेखक तरुणपणीच्या 'हॉन्ट्स'ना पुन्हा भेट देतो. यातल्या एकाही ठिकाणी घाबरवण्याचा अर्थ लागू पडत नाही.

कारण भीती हा या शब्दाचा गाभाच नाही. गाभा आहे पुन्हा पुन्हा येणं, आणि येऊन तिथेच घुटमळत राहणं. एवढं एक सूत्र हाती धरलं की याचे सगळे अर्थ एका माळेत येतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. घाई असेल त्यांनी निदान चौथी आणि सहावी पायरी तरी नीट वाचावी, कारण मराठी माणसाच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

पायरी १ : उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग एच-ए-यू-एन-टी. आत 'आन्ट'चं, म्हणजे मावशी-आत्याचं, पूर्ण स्पेलिंग दडलेलं असल्यामुळे नवखा वाचक 'हान्ट' म्हणतो. ब्रिटिश उच्चारात मात्र 'ऑ' स्पष्ट आणि लांब आहे. 'टॉन्ट', 'फ्लॉन्ट', 'डॉन्ट' (घाबरवणं या अर्थाचं क्रियापद) हे त्याचे यमकातले सोबती. अमेरिकेतले बरेच लोक तो 'हान्ट'च्या जवळ नेतात, तेही चालतं. 'हंट' मात्र होऊ देऊ नका, ती शिकार झाली. टाइप करताना 'ए' गळला की भूत घरात वावरायच्या ऐवजी घराची शिकार करू लागतं, आणि स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द अस्सल आहेत.

भूतकाळी रूप 'हॉन्टिड'. शेवटच्या 'ट'नंतर 'इड' हा वेगळा अवयव ऐकू आला पाहिजे. मराठीत आपण 'हॉन्टेड' लिहितो, म्हणून पुढे मीही तसंच लिहिणार आहे.

पायरी २ : मुळाशी एकदा जाऊन या

हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिकडे 'हांते' या क्रियापदाचा अर्थ होता एखाद्या ठिकाणी वारंवार जाणं, कुणाच्या संगतीत असणं. फ्रेंचमध्ये आजही एक म्हण आहे : तू कुणाकडे ऊठबस करतोस ते सांग, म्हणजे तू कोण आहेस ते मी सांगतो. त्या म्हणीतली 'ऊठबस' याच क्रियापदाने सांगितलेली आहे. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधतात, तोच भाव. तिथे भुताखेतांचा संबंध नाही.

भुताचा अर्थ ठळकपणे लेखनात दिसू लागतो तो १५९०च्या दशकात, शेक्सपिअरच्या नाटकांमधून. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये जंगलात नाटकाची तालीम चाललेली असते. बॉटम हा विणकर झाडीतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या धडावर गाढवाचं डोकं असतं. ते पाहून पीटर क्विन्स ओरडतो, 'वी आर हॉन्टेड', आणि सगळे पळत सुटतात. विचार केला तर ही वाढ साहजिक आहे. राहत्या घरी वारंवार येणारा जिवंत माणूस असेल तर ती ऊठबस, आणि तोच मेल्यावरही येत राहिला तर ती भुताटकी. क्रिया तीच राहिली, कर्ता तेवढा बदलला.

पुढची उडी मनाची. घराच्या जागी मन आलं आणि भुताच्या जागी आठवण, अपराधीपणा, प्रश्न, चेहरा. आजच्या इंग्रजीत सर्वांत जास्त वापर याच अर्थाने होतो.

पायरी ३ : भूत आणि जागा

सर्वांत सोपी रचना अशी : कर्ता भूत, कर्म जागा. 'अ घोस्ट हॉन्ट्स द मॅन्शन.' वाड्यात भूत वावरतं.

मराठीत 'वाड्यात' असं सप्तमीत म्हणतो म्हणून इंग्रजीत 'हॉन्ट्स इन द मॅन्शन' म्हणण्याचा मोह होतो. ते चूक आहे. हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म लागतं आणि ते थेट लागतं, मध्ये 'इन', 'अॅट', 'ऑन' काही येत नाही. पिंपळावर मुंजा असला तरी इंग्रजीत तो 'हॉन्ट्स द पीपल ट्री'.

व्यवहारात मात्र कर्मणी रूप जास्त ऐकाल : 'द हाउस इज हॉन्टेड.' भूत कुणाचं ते सांगायची गरज नाही. आपण मराठीतही भुताचं नाव घ्यायचं टाळतो. 'त्या जागेत काहीतरी आहे', 'तिथलं चांगलं नाही', 'तिथे वावर आहे म्हणतात'. 'हॉन्टेड' या एका विशेषणात हे सगळं मावतं. ऐकीव गोष्ट असेल तर 'इज सेड टु बी हॉन्टेड' म्हणा, म्हणजे खऱ्याखोट्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

हे विशेषण किती पक्कं घराला चिकटतं ते १९९१ च्या एका अमेरिकी निकालात दिसतं. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या नायक गावात एका बाईंनी आपलं घर विकायला काढलं. घरात भुतं आहेत असं त्यांनी स्वतःच आधी मासिकात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर केलं होतं. गिऱ्हाईक शहरातलं होतं, त्याला ही ख्याती ठाऊक नव्हती. कळल्यावर त्याने व्यवहार रद्द करून मागितला. अपील न्यायालयाच्या बहुमताने त्याच्या बाजूने कौल दिला आणि निकालात लिहिलं, 'अॅज अ मॅटर ऑफ लॉ, द हाउस इज हॉन्टेड.' कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे. न्यायालयाचा भुतांवर विश्वास होता असा याचा अर्थ नाही. जिने घराची ही ओळख जगाला सांगितली, तिला आता ती नाकारता येणार नाही, एवढाच मुद्दा होता. भूत असो वा नसो, 'हॉन्टेड' ही घराची ख्याती झाली आणि त्या ख्यातीने घराच्या किमतीवर परिणाम झाला. अमेरिकेत कायद्याच्या वर्गात हा खटला आजही आवडीने शिकवला जातो.

कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी एक सूचना. गावाच्या वेशीवरचा राखणदार किंवा देवचार यांच्यासाठी 'हॉन्ट' वापरू नका. ते तिथे वावरतात हे खरं, पण ते गावाचे आहेत, गाव त्यांना मान देतं, नारळ ठेवतं. 'हॉन्ट'मध्ये बिनबोलावता आल्याची छटा आहे. राखणदारासाठी 'गार्ड्स द व्हिलेज' किंवा 'वॉचेस ओव्हर' बरोबर बसतं. मुंजा, हडळ, खवीस यांना 'हॉन्ट' चालेल. वेताळाची पूजा होते तिथे तेही चालणार नाही.

पायरी ४ : 'झपाटणे' या शब्दाचा चकवा

शब्दकोशात 'हॉन्ट'समोर 'झपाटणे', 'पछाडणे' दिलेलं असतं. ते चूक नाही, पण दोन्ही शब्दांचा परीघ वेगळा आहे आणि मराठी माणूस नेमका या फरकात अडकतो.

पहिला फरक. मराठीत भूत माणसाला झपाटतं, अंगात शिरतं, लागतं. इंग्रजीत त्याला 'पझेस' म्हणतात. अंगात शिरलं तर 'शी इज पझेस्ड'. 'शी इज हॉन्टेड' म्हटलं तर इंग्रजी वाचक समजेल की तिला एखादी आठवण छळतेय, ती रात्र रात्र जागी असते. मांत्रिकाकडे न्यायचं असेल तर 'पझेस्ड' आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं असेल तर 'हॉन्टेड', असं लक्षात ठेवलं तरी बरंचसं काम भागतं.

दुसरा फरक जास्त घातक आहे, कारण तो नोकरीच्या अर्जात आणि भाषणात येतो. मराठीत 'ध्येयाने झपाटलेला तरुण', 'संशोधनाने झपाटलेली शास्त्रज्ञ' हे कौतुक आहे. 'हॉन्टेड'मध्ये असं कौतुक मुळीच नाही. 'ही इज हॉन्टेड बाय हिज गोल' असं लिहिलं तर वाटेल की ध्येयाने बिचाऱ्याची झोप उडवली आहे. या जागी 'ड्रिव्हन' म्हणा, 'पॅशनेट' म्हणा, फार तर 'ऑब्सेस्ड' म्हणा. सत्काराच्या मानपत्राचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवावं.

तिसरा फरक शोकसंदेशाचा. 'त्यांची आठवण आमच्या मनात कायम राहील' याचं 'हिज मेमरी विल हॉन्ट अस' करू नका. त्यातून असं ध्वनित होतं की त्या आठवणीत आपला काहीतरी गुन्हा आहे. दुःखाच्या घरी पाठवायच्या चार ओळींत अशी चूक फार लागते. 'हिज मेमरी विल स्टे विथ अस' साधं आहे आणि बरोबर आहे.

जिवंत माणूस पिच्छा पुरवत असेल तरीही 'हॉन्ट' नाही. वसुलीवाले दारात येतात, पत्रकार मागे लागतात, तेव्हा ते 'हाउंड' करतात. उच्चार जवळचा आहे म्हणून गोंधळ होतो. पाठलाग करणारा समोर असेल तर 'हाउंड'. समोर नसलेलं काहीतरी पाठ सोडत नसेल तर 'हॉन्ट'.

पायरी ५ : मनाला लागणारं 'हॉन्ट'

इथे कर्ता निर्जीव असतो आणि कर्म माणूस. आठवण, चेहरा, शब्द, प्रसंग, चूक, भीती, पश्चात्ताप, अनुत्तरित प्रश्न. 'दॅट क्वेश्चन हॉन्ट्स मी.' 'हर लास्ट वर्ड्स हॉन्टेड हिम.' कर्मणी केलं तर 'बाय' येतो, 'विथ' नाही : 'हॉन्टेड बाय गिल्ट', 'हॉन्टेड बाय द पास्ट'.

वापरायचं की नाही हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. ती गोष्ट समोर प्रत्यक्ष नाही ना? ती पुन्हा पुन्हा येते ना? ती न बोलावता येते ना? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर खुशाल वापरा. उद्याच्या मीटिंगची काळजी आज दुपारपुरती वाटली, तर ती 'हॉन्ट' करत नाही, 'वरी' करते.

आता काळ. मराठीत 'गेली दहा वर्षं तो प्रश्न मला छळतोय' हा चालू वर्तमानकाळ आहे. म्हणून आपल्याकडचं इंग्रजी होतं 'इज हॉन्टिंग मी सिन्स टेन इयर्स'. यात दोन चुका आहेत. बरोबर रूप 'हॅज हॉन्टेड मी फॉर टेन इयर्स'. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तेव्हा 'सिन्स', कालावधी सांगायचा असेल तेव्हा 'फॉर'. आणि एखाद्या घटनेपासून आजपर्यंत असं म्हणायचं असेल तर 'एव्हर सिन्स' शेवटी टाका. इंग्रजी वृत्तलेखांत ही जोडी सारखी भेटते : 'द मेमरी हॅज हॉन्टेड हर एव्हर सिन्स.'

मग 'इज हॉन्टिंग' केव्हा? आत्ता, या घडीला एखादी गोष्ट घोंघावत असेल तेव्हा. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मार्क्स-एंगल्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याचं पहिलं वाक्य आहे. १८४८ च्या मूळ जर्मनमध्ये एवढंच म्हटलंय की युरोपात एक भूत हिंडतंय. १८५० मध्ये हेलन मॅकफार्लेन यांनी पहिला इंग्रजी अनुवाद केला तेव्हा त्यांनी 'हॉबगॉब्लिन' आणि 'स्टॉक्स' हे शब्द घेतले. एक भयंकर बागुलबुवा युरोपभर दबकत फिरतोय, असं काहीसं. आज तो अनुवाद अभ्यासक सोडले तर कुणाला आठवत नाही. १८८८ मध्ये सॅम्युअल मूर यांनी एंगल्सच्या देखरेखीखाली 'अ स्पेक्टर इज हॉन्टिंग युरोप' केलं आणि तेच जगाच्या तोंडी बसलं. माझ्या मते याचं श्रेय 'हॉन्ट'च्या सकर्मक असण्याला आहे. भूत नुसतं युरोपात हिंडत नाही, ते अख्ख्या युरोपाला धरतं. संपूर्ण खंडच त्या क्रियापदाचं कर्म होतो.

पायरी ६ : 'कम बॅक टु हॉन्ट'

बातम्या वाचणाऱ्याला, ऑफिसात ईमेल लिहिणाऱ्याला हा वाक्प्रयोग रोज लागतो, म्हणून याच्याशी जरा थांबू. रचना अशी : आपण केलेलं काम, घेतलेला निर्णय किंवा बोललेलं वाक्य हा कर्ता, मग 'कम बॅक टु हॉन्ट', आणि शेवटी ज्याने ते केलं तोच माणूस कर्म. 'दॅट डिसिजन मे कम बॅक टु हॉन्ट अस.' 'कम'च्या जागी 'रिटर्न'ही चालतो, मग 'बॅक' गळतो.

मराठीत याला 'भोवणे' हा अगदी नेमका शब्द आहे. 'अंगाशी येणे', 'अंगलट येणे', 'शेकणे' हेही जवळचे, पण त्यांत तात्काळ फटका बसू शकतो. आज खोटी हजेरी लावली आणि आजच पकडले गेलात, तर अंगाशी आलं, पण 'कम बॅक टु हॉन्ट' झालं नाही. तिथे 'बॅकफायर' म्हणा. 'हॉन्ट'ला मध्ये काळ जावा लागतो. गोष्ट विसरली गेली पाहिजे, निदान करणाऱ्याला तरी ती संपली असं वाटलं पाहिजे, आणि मग ती परत आली पाहिजे.

हे सगळं एका गोष्टीत दाखवतो, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते. 'काका, मला वाचवा' ही त्यांची हाक आजही वाड्यात ऐकू येते, विशेषतः पौर्णिमेच्या रात्री, अशी आख्यायिका पुण्यात सांगतात. इंग्रजीत : 'हिज क्राय इज सेड टु हॉन्ट शनिवारवाडा.' कर्ता हाक, कर्म जागा, आख्यायिका म्हणून 'इज सेड टु'.

आता वाडा सोडून त्या काकांकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे या. खुनानंतर ते पेशवे झाले. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरवलं. नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतरांनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या मागे त्यांना मुलगा झाला आणि पेशवाईची वस्त्रं त्या तान्ह्या सवाई माधवरावाला मिळाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. पेशवेपद त्यांना पुन्हा मिळालं नाही आणि १७८३ मध्ये कोपरगावला त्यांचा शेवट झाला. हे झालं : 'द मर्डर केम बॅक टु हॉन्ट रघुनाथराव.' कृत्य कर्ता, करणारा कर्म, मध्ये काळ. भुताचा इथे काही संबंध नाही.

त्यांच्या मनात पश्चात्ताप होता की नाही, हे आपल्याला सांगता येणार नाही. म्हणून 'रघुनाथराव वॉज हॉन्टेड बाय गिल्ट' हे वाक्य कादंबरीकाराने लिहावं, इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून. 'कम बॅक टु हॉन्ट' बाहेरच्या परिणामाबद्दल बोलतं, त्याला पुरावा देता येतो. 'हॉन्टेड बाय गिल्ट' आतल्या अवस्थेबद्दल बोलतं. हा फरक परीक्षेच्या निबंधात जितका महत्त्वाचा आहे, तितकाच ऑफिसच्या अहवालातही.

पायरी ७ : 'हॉन्टेड' आणि 'हॉन्टिंग'

माणसासाठी 'हॉन्टेड' म्हणजे ज्याला काहीतरी छळतंय तो. 'हॉन्टेड आइज', 'अ हॉन्टेड लुक' : युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या वर्णनात हमखास येतं. डोळे कुठेतरी दुसरीकडेच बघताहेत असं दिसणं.

'हॉन्टिंग' म्हणजे जे मनातून जात नाही ते, आणि हे बहुधा कौतुकाचं असतं. 'अ हॉन्टिंग मेलडी', 'हॉन्टिंगली ब्यूटिफुल'. सौंदर्य आहे, पण त्यात उदासीची किनार आहे. मराठीत 'हुरहूर लावणारं', 'चटका लावून जाणारं'. मैफल संपली, तंबोरे गवसणीत गेले, तरी भैरवीचा एखादा स्वर घरी जाताना सोबत येतो, तो 'हॉन्टिंग'. जाहिरातीतली धून मात्र सकाळपासून डोक्यात वाजत असेल तर ती 'स्टक इन माय हेड'. लग्नाच्या वरातीतल्या गाण्याला 'हॉन्टिंग' म्हणू नका, बँडवाल्यालाही वाईट वाटेल आणि वरमायलाही.

पायरी ८ : नाम

नाम म्हणून 'हॉन्ट' म्हणजे अड्डा, कट्टा, नेहमीची बसायची जागा. इथे तेराव्या शतकातला मूळ अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे. 'अ फेव्हरिट हॉन्ट ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांचा आवडता अड्डा. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरची 'वैशाली' कित्येक पिढ्यांसाठी अशी जागा आहे. 'ओल्ड हॉन्ट्स' अनेकवचनात येतं आणि त्यात जिव्हाळा असतो. निसर्गावरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत पक्ष्यांचे, वाघांचे 'हॉन्ट्स' भेटतील, तिथे घाबरायचं कारण नाही, वावरायच्या जागा एवढाच अर्थ.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. ऑक्टोबरात हॅलोविनसाठी तिकीट लावून उभारलेल्या भीतीच्या घरालाही तिकडे 'हॉन्ट' म्हणतात, तेव्हा शेजाऱ्याने 'हॉन्ट'ला येता का विचारलं तर तो कट्ट्याबद्दल बोलत नाहीये. आणि दक्षिणेत याचाच भाऊ 'हेंट' हा भूत या अर्थाने वापरतात. साउथ कॅरोलायना, जॉर्जियाच्या किनारपट्टीवर ओसरीचं छत फिकट निळं रंगवायची रीत आहे, त्या रंगाचं नाव 'हेंट ब्लू'. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या गला-गीची समाजाच्या श्रद्धेनुसार त्या निळ्याने भुतं घरात शिरत नाहीत.

पायरी ९ : शेजारी शब्द

'लिंगर' सर्वांत जवळचा. पण तो अकर्मक आहे. वास खोलीत रेंगाळतो, शंका मनात रेंगाळते, पाहुणे दारात रेंगाळतात : सगळीकडे 'लिंगर्स', आणि इथे 'इन' लागतोच. गेलेलं परत आलं तर 'हॉन्ट'. गेलंच नाही तर 'लिंगर'. 'लर्क' म्हणजे दबा धरून असणं. 'लूम' म्हणजे समोर मोठं होत उभं राहणं, बहुधा येणारं संकट. 'हॉव्हर' म्हणजे घिरट्या घालणं, घारीपासून हेलिकॉप्टरपर्यंत.

उलट बाजूचा वाक्प्रयोगही शिकून ठेवा : 'ले द घोस्ट', भूत गाडणं, कायमचं शांत करणं. डिकन्सने १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'च्या छोट्या प्रस्तावनेत दोन्ही एकत्र वापरले आहेत. माझ्या या कल्पनेचं भूत वाचकांच्या घरात आनंदाने 'हॉन्ट' करत राहो आणि ते गाडावं असं कुणालाही न वाटो, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. 'प्लेझन्टली' हे क्रियाविशेषण त्याला मुद्दाम जोडावं लागलं, हेही पाहून ठेवा. 'हॉन्ट'ला सुखाचा अर्थ द्यायचा तर तो असा वरून द्यावा लागतो.

पायरी १० : हात चालवून पाहा

खालच्या मराठी वाक्यांचं इंग्रजी आधी स्वतः करा, मग पुढचं वाचा.

'स्वयंपाकघरात फोडणीचा वास अजून आहे.' इथे 'हॉन्ट' नाही. 'द स्मेल लिंगर्स इन द किचन.'

'ती कामाने झपाटलेली आहे.' 'शी इज ड्रिव्हन.' घरच्यांची तक्रार म्हणून म्हणत असाल तर 'ऑब्सेस्ड विथ हर वर्क'.

'वडिलांचा आवाज तिच्या कानात अजून घुमतो.' इथे थांबून विचार करायला हवा. त्यांच्या आवाजाने तिला धीर येत असेल तर 'हिज व्हॉइस स्टेज विथ हर'. शेवटचा फोन तिने उचलला नव्हता आणि तो आवाज त्यांनी फोनवर मागे ठेवलेल्या संदेशातला असेल तर 'हिज व्हॉइस हॉन्ट्स हर'. मराठी वाक्य दोन्ही शक्यता पोटात ठेवतं, इंग्रजीत तुम्हाला एक निवडावी लागते. संदर्भ ठाऊक नसेल तर पहिली निवडा.

'त्या बंगल्यात भूत आहे असं चौकीदार सांगतो.' 'द वॉचमन सेज द बंगलो इज हॉन्टेड.' चौकीदाराने सांगितलंय हे वाक्यातच आलं, म्हणून 'इज सेड टु बी' नको.

'घाईत जामीनदार म्हणून केलेली ती सही त्याला पाच वर्षांनी भोवली.' 'दॅट सिग्नेचर केम बॅक टु हॉन्ट हिम फाइव्ह इयर्स लेटर.' कृत्य त्याचंच, परिणामही त्याच्याच वाट्याला, मध्ये पाच वर्षं. 'हॉन्टेड हिम फॉर फाइव्ह इयर्स' लिहिलंत तर अर्थ उलटा होतो : पाच वर्षं सही छळत राहिली, असा. इथे पाच वर्षं त्याला तिची आठवणही नव्हती.